पांढरं कापड बंद आहे

घोडेगाव, बाजारपेठ
(आज बाजार नाही, म्हणून एवढं लांब लिहायला सवड)

पूज्य जतनबाई भुवाजींच्या चरणी जिनेशचा वाकून धोक आणि घरातल्या सगळ्यांचा जय जिनेंद्र.

तुमचे गुडघे, तुमचा मोतीबिंदू काढलेला डोळा आणि फुफाजींचा खोकला या तिघांचीही खुशाली सवडीने कळवावी. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. क्षेम काही नाही. फोन सोडून पत्र का, असं तुम्ही म्हणाल. तर फोन लावला की पप्पा तो स्पीकरवर टाकायला लावतात, आणि ज्या माणसाची तक्रार करायची तोच शेजारी बसून 'जतनला सांग, माझं काही खरं नाही' असं सांगायला लावतो. (तब्येत उत्तम आहे. ते पुढे येईल.) व्हॉट्सॲपवर लिहावं तर तुमचा मोबाईल तुमच्या नातीच्या, रिद्धीच्या हातात, आणि रिद्धीला कळलेली गोष्ट जामखेडच्या पेठेत पोचायला फार वेळ लागत नाही. म्हणून हे पत्र, तेही मोठ्या अक्षरात. पप्पा म्हणजे तुमचे सख्खे मोठे बंधू, तेव्हा त्यांच्याविषयी पुढे जे लिहितो ते लेकाने लिहिलंय असं न समजता त्रासलेल्या माणसाने लिहिलंय असं समजावं.

निरगुडसरचे दादाभाऊ तुम्हाला आठवत असतील. पप्पांच्या शाळेतले, एकाच बाकावर बसणारे. शाळा सुटली आणि ते बाकावरून उठून आपल्या दुकानाच्या पायरीवर बसले, ते जन्मभर तिथेच. दर बाजाराला यायचे, एखाद्या धोतराला हात लावून 'लई म्हाग लावलंय केवळशेठ' म्हणायचे, चहा प्यायचे आणि काही न घेता जायचे. श्रावणात एक दिवस त्यांचा थोरला मुलगा सुनील दुकानात आला आणि मर्तिकाचं कापड द्या म्हणाला. आता आपल्या दुकानाची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. मर्तिकाच्या कापडासाठी कुणी आलं तर अवेळीही फळी उघडायची, घासाघीस करायची नाही, आणि मांजरपाट फाडताना दोन बोटं जास्तच फाडायचा. पप्पांनी अर्ध्या आंबेगाव तालुक्याला हे कापड दिलंय. हाताने मांजरपाट फाडायचा आणि तोंडाने दुसऱ्या गिऱ्हाइकाला साडीचा रंग पटवून द्यायचा, इतकं ते अंगवळणी पडलेलं. नेहमीसारखंच त्यांनी विचारलं, "कोण गेलं रे?"

"तात्या गेलं, काका."

पप्पांच्या हातातला लोखंडी मीटर तसाच राहिला. मग म्हणाले, "त्रास झाला का त्याला?"

"न्हाई काका. आंघोळ केली, ओट्यावर बसलं, आईला म्हणलं च्या टाक. ती च्या घेऊन भाईर आली तर तात्या न्हाई."

पप्पांनी कापड फाडलं आणि ते वाकडं फाटलं. भुवाजी, पप्पांच्या हातून मांजरपाट वाकडा फाटलेला मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी तो तुकडा बाजूला ठेवला, दुसरा फाडला, तोही वाकडा. शेवटी मी फाडून दिला.

त्या दिवसापासून पप्पांनी चहा मागणं सोडलं. चहा नाही सोडला, मागणं सोडलं. कारण दादाभाऊंनी चहा मागितला आणि चहा यायच्या आत गेले. तेव्हा आपण मागायचाच नाही, म्हणजे मधल्या वेळात काही व्हायला जागाच राहत नाही, असा हिशोब. हे त्यांनी तोंडाने सांगितलं नाही; रीनाने आठवडाभर निरीक्षण करून शोधून काढलं. आता चहा हवा असला की ते स्वयंपाकघराच्या दिशेने खाकरतात. रीना चहा आणते. कधी त्यांना खरोखरचा खोकला येतो, तेव्हाही ती चहा आणते, आणि मग ते म्हणतात, हे काय, मी कधी मागितला? आणि कधी ती समजून घ्यायला चुकली तर दिवसभर फुगून बसतात. माझी बायको एवढी शिकलेली, भुवाजी, आणि सध्या तिचं सगळं लक्ष सासऱ्याच्या घशाकडे असतं.

मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. रक्त, लघवी, छाती, सगळं तपासलं. डॉक्टर हसून म्हणाले, काका, तुमच्या वयाच्या मानाने तुम्हाला काहीच झालेलं नाही. मला वाटलं, चला, सुटलो. तर पप्पा गाडीत बसल्यावर म्हणतात, "काहीच नाही म्हणजे अचानकच येणार." यावर माणसाने काय बोलावं? गाडी चालवावी. मी चालवली.

मग दादाभाऊंचा दहावा आला. आम्ही दोघं निरगुडसरला गेलो. नदीकाठी सगळा गाव जमलेला, पिंड ठेवलेला, कावळे समोरच्या बाभळीवर रांगेने बसलेले, आणि एकही खाली येईना. घरच्यांनी एकेक इच्छा बोलायला सुरुवात केली. सुनील म्हणाला, तात्या, धाकट्या नातवाला शिकवीन. कावळे ढिम्म. बायका म्हणाल्या, म्हातारीला नीट सांभाळतील पोरं, काळजी करू नका. ढिम्म. कुणी बांधाचं भांडण मिटवायचं कबूल केलं, कुणी म्हैस विकायची नाही असं कबूल केलं. ऊन चढलं, लोकांना भुका लागल्या, आणि जो तो वर बघून मान दुखवून घ्यायला लागला. तेवढ्यात आपले पप्पा, जे जैन, ज्यांचा या पिंडाशी काडीचा संबंध नाही, ते गर्दीतून पुढे झाले आणि म्हणाले, "अरे, त्याला चहा द्या. तो चहा न पिता गेलाय."

सुनील धावत जाऊन रस्त्यावरच्या टपरीतून कागदी कप घेऊन आला आणि पिंडाशेजारी ठेवला. भुवाजी, मी शपथेवर सांगतो, कप टेकतो न टेकतो तोच एक कावळा उतरला, त्याने कप लवंडला, पिंडाला चोच मारली आणि गेला. बायका रडायला लागल्या. पुरुषांनी पप्पांच्या पाठीवर हात फिरवले. सगळे जेवायला बसले, आणि पप्पा एकटे तिथेच उभे, चेहरा पांढराफटक. (मला विचाराल तर कावळ्याला बिस्किटाचा वास आला. सुनीलने कपाबरोबर बिस्किटही ठेवलं होतं. पण हे मी तिथे बोललो नाही आणि तुम्हीही कुठे बोलू नका.) परतताना पप्पा मंचर मागे पडल्यावर म्हणाले, "जिन्या, तो तिथंच होता रे."

खरा घोळ इथून सुरू झाला. यंदा चातुर्मासाला आपल्या जैन स्थानकात ज्या साध्वी महासतीजी होत्या त्या फार शांत स्वभावाच्या. पप्पा व्याख्यान संपल्यावर त्यांच्यापुढे जाऊन बसले आणि विचारलं, मेल्यावर जीव किती दिवस थांबतो? त्या म्हणाल्या, थांबत नाही, एक देह सुटला की जीव लगेच आपल्या कर्माप्रमाणे दुसऱ्या गतीत जातो. पप्पा म्हणाले, मग दहाव्याला कावळ्यात कोण होतं? त्या म्हणाल्या, कावळ्यात कावळ्याचाच जीव. आणि दादाभाऊ? ते कुठेतरी जन्मले असतील. कुठे? ते केवलज्ञानी असतील तेच सांगू शकतात. यावर पप्पा उसासा टाकून म्हणाले, माझं नावच फक्त केवल आहे. महासतीजी हसल्या. मग पप्पांनी, मी बाजूने कोपर मारत असताना, विचारलं, "तुम्हाला भीती वाटते का हो?"

त्या म्हणाल्या, "वाटत नसती तर या वाटेला लागले असते का?"

मला हे उत्तर फार आवडलं. पप्पांना अजिबात नाही. बाहेर येऊन चपला घालताना म्हणाले, त्यांनाही वाटते, मग आपण बघायचं कुणाकडे? आणि त्या दिवसापासून त्यांनी घरात दोन्ही मतं एकदम पाळायला घेतली. म्हणजे कावळा दिसला की 'दादाभाऊ, बरं आहे ना' म्हणायचं, आणि श्रावणानंतर पेठेत जे जे काही जन्मलं, मग ते शिंप्याचं पोर असो की गोदामातलं मांजराचं पिल्लू, त्याच्याकडे टक लावून बघत बसायचं. ते पिल्लू चेकच्या लुंग्यांच्या गठ्ठ्यावर मुक्कामाला आहे. मी हाकललं तर पप्पा ओरडले, "अरे, कोण असेल काय सांगावं!" तेव्हा लुंग्यांचा तो गठ्ठा विकायचा नाही असं ठरलेलं आहे.

इथपर्यंत मी सगळं सोसलं. पण मग पप्पांनी दुकानातलं पांढरं कापड बंद केलं. आधी मांजरपाटाचा तागा दिसेनासा झाला. मग धोतरं गेली. मग शाळेचे पांढरे शर्ट, नेहरू शर्टाचं कापड, टोप्या, पंचे. सगळं पोटमाळ्यावर, आणि शिडी घरात आणून ठेवलेली. भुवाजी, आंबेगाव तालुक्यात, जिथे पन्नाशी ओलांडलेला माणूस पायापासून डोक्यापर्यंत पांढराच असतो, तिथे कापडाच्या दुकानात पांढरं नाही म्हणजे मी गिऱ्हाइकाला द्यायचं काय? गुलाबी धोतर? लोक विचारायचे, मी म्हणायचो, माल यायचाय. लोक म्हणायचे, तुमच्याकडे माल नाही असं कधी झालं होतं? मी वर बघायचो. वर माल होता.

दिवाळीनंतर एक दिवस जानकू आला. हा भीमाशंकरच्या अंगाच्या एका वाडीतला, आपलं जुनं गिऱ्हाईक. त्याची आई ठमाबाई गेली होती, त्याला कापड हवं होतं. मी आत जेवायला बसलो होतो, गादीवर पप्पा. मला ऐकू आलं, पप्पा म्हणत होते, "नाही. पांढरं कापड बंद आहे." मी हात न धुताच बाहेर आलो. जानकू तसाच उभा होता. त्याला ते समजतच नव्हतं. तो रागावलाही नाही. एवढंच म्हणाला, "शेठ, माज्या बापाला बी हितूनच नेलं व्हतं."

पप्पा उठून आत निघून गेले. मी शिडी आणली, पोटमाळ्यावर चढलो, तागा खाली आणला, फाडून दिला आणि जानकूची माफी मागितली. मग आत जाऊन मी पप्पांना जे बोललो ते इथे लिहीत नाही. आवाज पेठेतल्या अर्ध्या लोकांनी ऐकला. शेवटी एवढं म्हणालो की ही रीत मोडायची असेल तर दुकानाची फळी लावून टाका. पप्पा खाटेवर बसले होते, पाय खाली सोडून. ते म्हणाले, "मला त्या कापडाला हात लावला की आतून थंड होतं रे, जिन्या. मी काय करू?" ते एवढं सरळ उत्तर देण्याऐवजी भांडले असते तर मला सोपं गेलं असतं.

जानकू मोठ्या मनाचा. दहाव्याचे टॉवेल-टोप्या न्यायला परत आपल्याकडेच आला. पायरीवर बसून तो पप्पांशी बोलत होता, आणि बोलता बोलता म्हणाला की जुन्नरकडे घाटघरला त्याच्या बहिणीच्या दिराला, हौशीरामला, यंदाच्या पावसात गेला म्हणून तिरडीवर बांधायला घेतलं होतं आणि तो उठून बसला. पप्पांनी त्याचा हात धरला. "परत आला? तिकडून?" मी मनात म्हणालो, जानकू, तुझं कापड नाकारलं त्याचा सूड घेतलास बाबा.

पुढचे काही दिवस पप्पा तोंडाने काही बोलले नाहीत, नुसते माझ्या गाडीभोवती फिरत राहिले. शेवटी गेलो. घोडेगावहून जुन्नर, जुन्नरहून आपटाळे, तिथून पुढे डोंगर अंगावर येत जातात तो रस्ता. पप्पा शेजारी बसून प्रश्नांची उजळणी करत होते, जणू परदेशाहून आलेल्या माणसाला तिकडच्या बाजारपेठेबद्दल विचारायचंय. अंधार पडेल का, ओळखीचं कुणी भेटतं का, भाषा कोणती, वगैरे. (भाषा कोणती हा प्रश्न खरोखर होता.)

हौशीराम पडवीत बसला होता. पप्पांच्याच वयाचा, वाळलेला, चांगला जिवंत. त्याची बायको लंकाबाई अंगणात झाडत होती. पप्पांनी पाणीसुद्धा न पिता विचारलं, "हौशीराम, तुम्ही गेला होता म्हणे."

"गेलो व्हतो म्हनत्यात."

"काय दिसलं?"

हौशीरामने लंकाबाईकडे पाहिलं. ती झाडू टेकवून उभी राहिली. "शेठ, ह्यो ज्याला जे पायजे ते सांगतोय. एकाला उजेड सांगितला, एकाला रेडा सांगितला. एक मोबाईलवर शूटिंग करनारं पोरगं आलं व्हतं, त्याला दोनी सांगितलं."

"मंग काय करू?" हौशीराम म्हणाला. "काय न्हाई दिसलं म्हनलं तर त्वांड पाडून जात्यात लोकं. येवढ्या लांबनं आल्याली."

"मला खरं सांगा," पप्पा म्हणाले.

हौशीराम म्हणाला, "खरं म्हंजी शेठ, कायबी आठवत न्हाई. ताप व्हता. मंग झोप लागली, लई ग्वाड झोप. जाग आली तवा दारात ही गर्दी, आन् बाजूला तिरडी. मी इचारलं, कोन गेलं? तर समदी पळाली. ही बी पळाली."

"मी न्हाई पळाले," लंकाबाई म्हणाली. "मी फुटक्या बांगड्या बगत व्हते. नव्या भरायच्या का न्हाई, कुनाला म्हायती? गावात कुनाचा नवरा असा परत आल्याला न्हाई, इचारायचं कुनाला?" (तिने पुढच्याच बाजारी जुन्नरला जाऊन भरल्या. हिरव्या.)

पप्पांनी मग तो शेवटचा प्रश्न विचारला, जो ते रस्ताभर बोलले नव्हते. "भीती वाटली का?"

"तवा न्हाई वाटली. तवा ठावंच नव्हतं. आता वाटती, शेठ. आता आडवं पडायचं म्हनलं का वाटती. ह्या टायमाला कोन उठवनार?"

हे ऐकून पप्पा सरकून त्याच्या शेजारी बसले आणि दोघं म्हातारे समोरच्या डोंगराकडे बघत राहिले. भुवाजी, माझ्या जिवाचा किती संताप झाला असेल! मी एवढा घाट चढून बापाला धीर मिळवून द्यायला आणलं होतं, आणि इथे एकाची भीती दोघांत वाटून घ्यायचं चाललं होतं. मेलेल्यालाही जर भीती वाटते तर आता न्यायला जागाच उरली नाही, असं म्हणून मी कपाळ धरून उंबऱ्यावर बसलो.

आणि तेवढ्यात पप्पांची नजर अंगणात गेली. तिथे एका पांढऱ्या कापडावर नाचणी वाळत घातली होती. पप्पा उठले, वाकले, आणि त्या कापडाचं टोक अंगठा आणि बोटात धरून चोळलं. जन्मभर हेच करत आलेत ते, तसंच. "हे कुठलं कापड?"

"ह्ये? ह्ये ह्यांचंच," लंकाबाई म्हणाली. "त्या दिसाचं. फुकट कशाला घालवायचं म्हून धुऊन घेतलं."

पप्पांनी टोक उचललं. नाचणी घरंगळली. त्यांनी ते उन्हाकडे धरलं आणि पलीकडे बघितलं. "यातून जीवधन दिसतोय!" ते ओरडले. भुवाजी, खरंच दिसत होता. अख्खा किल्ला, वरच्या झुडपांसकट. "अरे, हे काय कापड आहे का? गाळणं आहे गाळणं! नुसतं खळीवर उभं होतं, ती खळ धुण्यात गेली! आणि यात गुंडाळून पाठवणार होते तुम्हाला?"

हौशीराम ओशाळला. म्हणाला, "मला काय ठावं शेठ, मी तर मेल्यालो व्हतो."

त्यानंतर पप्पांचं कशातच लक्ष नव्हतं. लंकाबाईने आग्रहाने जेवायला घातलं (भाकरी नाचणीची होती, कुठल्या नाचणीची ते मी विचारलं नाही, ठेच्यात लसूण होता म्हणून आम्ही दुधाशी खाल्ली). जेवताना पप्पा उभा धागा आणि आडवा धागा यावर बोलत होते, आणि हौशीराम मान डोलावत होता. परतीच्या रस्त्यावर पूर्ण वेळ हाच विषय. माणूस आयुष्यभर भातात राबतो, चिखलात उभा राहतो, आणि त्याला शेवटी जायला असलं कापड? कुठल्या दुकानातून आणलं ते त्यांना विचारायचं होतं, मी विचारू दिलं नाही. उगाच जुन्नरमध्ये भांडण झालं असतं. घोडेगावात पोचलो तर चपला न काढता त्यांनी शिडी मागितली. मी म्हणालो, मी चढतो. नाही म्हणाले. स्वतः चढले, या वयात, आणि मांजरपाटाचा तागा खांद्यावर घेऊन उतरले. गादीवर बसले, मीटर लावला, दोन बोटं जास्त सोडली आणि फाडला. सरळ. एका दमात.

मी विचारलं, "पप्पा, भीती गेली का?"

"कुठे गेली? आहे ना." ते घडी घालत म्हणाले. "मला भीती वाटते म्हणून गिऱ्हाइकाने विरळ कापडात जायचं का?"

तो तुकडा हौशीरामसाठी होता. आणि तो घेऊन घाटघरला कोण गेलं असेल? मी. जिवंत माणसाच्या घरी जाऊन त्याला त्याचं मर्तिकाचं कापड भेट द्यायचं, ते कोणत्या शब्दांत द्यायचं याचा मी आपटाळ्यापासून विचार करत होतो. काही गरज पडली नाही. हौशीरामने पुडकं सोडलं, कापड गालाला लावलं, खांद्यावर पांघरून अंगणात दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "ऊब हाय." लंकाबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. म्हणाली, "आन् माझं?" मी खाली उतरेपर्यंत शेजारच्या दोन म्हाताऱ्यांनी आपापली उंची मला हाताने दाखवली होती.

तर भुवाजी, दुकानात पांढरं कापड परत आलंय, धोतरं आली, टोप्या आल्या, पप्पा गादीवर आहेत. तुम्ही म्हणाल, मग आता त्रास कसला? सांगतो. पप्पांनी स्वतःचाही तुकडा फाडून कपाटात ठेवला. मी म्हणालो, ठीक, ठेवा. पण मागच्या आठवड्यात मी वरच्या खणातून साड्यांचा गठ्ठा काढत होतो, तेव्हा पाठीला काहीतरी थंड लागलं. वळून बघतो तर पप्पा माझ्या मागे उभे, हातात लोखंडी मीटर. मी म्हणालो, हे काय? ते शांतपणे म्हणाले, "सरळ उभा रहा. तागा चांगला लागलाय, असं सूत पुन्हा मिळायचं नाही. तुझंही त्यातलंच असू दे." मी त्रेपन्न वर्षांचा आहे, भुवाजी. मला अजून बँकेत ट्रॅक्टरचं कर्ज मागायला निघालेल्या माणसासारखी रोज सकाळी उमेद असते. आणि ते प्रेमाने करतात, हे वरून. रीनाला सांगितलं तर ती पोट धरून हसली. (तिचं माप तिने आधीच देऊन टाकलंय. म्हणाली, एक काम संपलं.)

म्हणून विनंती अशी की तुम्ही चार दिवस इकडे येऊन राहावं आणि भावाला दटावावं. ते जगात फक्त तुमचं ऐकतात. गुडघ्यांचं कारण सांगू नये, मी गाडी घेऊन जामखेडला येतो. फुफाजींना दंडवत, रिद्धीला आशीर्वाद. लिहिण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घालावं.

तुमचा भाचा, सध्या ज्याची उंची सगळ्यांना ठाऊक आहे तो,
जिनेश

ता. क. तुमच्या नावाने एसटीने एक पार्सल निघालंय. उघडून घाबरू नये. पप्पा म्हणाले, जतन माझ्यापेक्षा चार बोटं बुटकी, मला माप घ्यायची गरज नाही. रंग पांढरा आहे, पण काठाला त्यांनी स्वतः बसून बारीक हिरवी किनार लावून घेतली आहे, कारण तुम्हाला बिनकाठाचं काही आवडत नाही. नको असेल तर पलंगपोस म्हणून वापरा, पण त्यांना तसं सांगू नका.

ता. क. दुसरा. रीनाने पत्र वाचलं. म्हणते, सगळं पप्पांवर ढकललंत, परवा नारायणगावला लग्नसराईसाठी दुकानाला दिव्यांच्या माळा आणायला जातो म्हणून तुम्ही कुठे गेला होतात तेही लिहा. तर मी छातीचा ई.सी.जी. काढून आलो. तिला खिशात चिठ्ठी सापडली. सगळं नॉर्मल आहे. तेच तर.

ता. क. तिसरा, आणि हा रीनाने वाचलेला नाही. भुवाजी, तुम्ही आला नाहीत तरी चालेल. पण एक कळवा. तुमचे वडील, आमचे दादाजी, गेले तेव्हा मी लहान होतो, मला शेजारी नेऊन बसवलं होतं. पप्पा माल आणायला इचलकरंजीला गेले होते, ते पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. उशाशी फक्त तुम्ही होता. पप्पांनी तुम्हाला आजवर विचारलं नाही, हे मला या महिन्यात समजलं, आणि ते कधी विचारतील असं वाटत नाही. म्हणून मी विचारतो. दादाजी घाबरले होते का? घाबरले असतील तर एका ओळीत लिहा, मी वाचीन आणि ठेवून देईन. नसतील घाबरले, तर सगळं सविस्तर लिहा. काय बोलले, कुणीकडे बघत होते, हात कुणाच्या हातात होता, सगळं. मी ते पप्पांना मोठ्याने वाचून दाखवीन.